आधी भात कालव

मुल्लाजी बुधवारी शाळेत आले. मी फळ्यावर बेरीज लिहीत होतो. ते दारात थांबले, छत्री मिटली आणि म्हणाले, "मास्तर, तुमी आमची पोर बिघडवलीत."

वर्गातली सगळी पोरे एकदम हाताची घडी घालून बसली. एरवी सांगूनही बसत नसत. पण दोन मोठी माणसे भांडणार असतील तर पोरांना शिस्त आपोआप येते.

"कुठली पोर?" मी विचारले.

"कुठली म्हणून काय विचारता? जैनब. ती बगा, खिडकीसून भाईर बगते ती."

जैनब खरोखरच खिडकीबाहेर बघत होती. भांडण तिच्याविषयी होते. पण बाहेर कुणाची तरी शेळी उंडीच्या झाडाला शिंगे घासत होती आणि तिला त्यात जास्त गोडी होती.

मुल्लाजी गेल्या श्रावणात वारले. तेव्हापासून संध्याकाळी मी पुस्तक उघडून बसतो, पण पान उलटायचे राहून जाते. म्हणून वाचण्याऐवजी हे लिहितो आहे, रोज थोडे थोडे.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची. आंजर्ल्याच्या खाडीपलीकडे आमचे गाव. शाळा लोकल बोर्डाची, शिक्षक मी एकटा. बिगरीपासून, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या वर्गापासून, चौथीपर्यंत सगळे एकाच खोलीत. मी 'ट्रेन्ड' मास्तर होतो. याचा अर्थ एवढाच की मला ट्रेनिंग कॉलेजात कसे शिकवावे ते शिकवले होते, आणि तसे न शिकणारी मुले असतात हे सांगायचे राहून गेले होते.

गावातली निम्म्याहून जास्त मुले मुसलमानांची. त्यांचे बाप आगबोटींवर खलाशी. ही मुले पहाटे मशिदीला लागून असलेल्या मक्तबात जात. मक्तब म्हणजे अरबी वाचायला शिकवण्याची जागा, आणि तिथले शिक्षक हे मुल्लाजी. तिथे अक्षरे उजवीकडून डावीकडे जात. मग ती मुले घरी भाकरी खाऊन माझ्याकडे येत. इथे अक्षरे डावीकडून उजवीकडे. मुलांना याचे काही वाटत नसे.

जैनबला वाटत असे. ती नऊ वर्षांची होती आणि दुसरीत दुसऱ्यांदा बसली होती. परवचा तिच्यासारखा कुणी म्हणत नसे. कविता एकदा ऐकली की तिला यायची. सुरुवातीला वाचनही झकास करी. एकदा ती वाचत असताना तिच्याकडून चुकून दोन पाने एकदम उलटली गेली. जैनब थांबली नाही. मधले पान तिने तसेच घडाघडा वाचून दाखवले. तेव्हा मला कळले की ती वाचतच नव्हती. इतर मुले वाचत तेव्हा ऐकून तिने अख्खे पुस्तक पाठ केले होते.

लिहायला बसवले की खरी पंचाईत. 'नदी' सांगितले तर 'दनी' लिही. पहिली वेलांटी दुसरीच्या जागी, दुसरी पहिलीच्या. आता वेलांटीचेच पाहा. 'कि' म्हणताना आपण आधी 'क' म्हणतो, मग 'इ'. लिहिताना मात्र वेलांटी 'क'च्या आधी. हे किती विचित्र आहे ते आपण मोठी माणसे विसरलेलो असतो. शिवाय ती एका जागी बसत नसे. पाणी प्यायला उठे, पेन्सिलीला टोक करायला उठे, कशालाही न उठता उठे.

मी तिच्या आईला, आयशाबीला, सांगितले होते, "पोरीचा अरबीमुळे गोंधळ होतो. चार महिने मक्तब बंद ठेवा." मला ते पटलेले होते. दोन उलट दिशा, एक लहान डोके. दुसरे काय असणार?

माझा हा सल्ला मुल्लाजींच्या कानावर गेला होता. म्हणून ते आले होते.

"माझ्या अरबीमुळे?" ते म्हणाले. "अवो, तुमच्या मराठीमुळे ती अलिफ-बे डावीकडसून वाचते! मी तिच्या आईला आधीच सांगितलाय, मराठी बंद कर म्हणून."

"तुम्ही आधी सांगितलंत?"

"तुमच्या आदल्या जुम्म्याला."

मग त्यांनी आयशाबीचा निरोप सांगितला. तो सांगताना त्यांचा आवाज खाली आला. "ती म्हणते, तुमी दोघां शिकलेली माणसां. तुमीच ठरवा. नाय जमला तर मी दोनी बंद करतंय आणि पोरीला मंडणगडला धाडतंय."

मंडणगडला जैनबची मावशी होती. तिची चार पोरे सांभाळायला कुणीतरी हवे होते. तिकडे गेलेली मुलगी परत शाळेत येणार नव्हती, हे मला ठाऊक होते आणि मुल्लाजींनाही. गावात पोरीला 'येडी' म्हणायला सुरुवात झालीच होती. येड्या मुलीला शिकवून काय करायचे, असे लोक विचारत. आयशाबीचा नवरा आगबोटीवर. तिला विचारायलाही कुणी नव्हते.

मधल्या सुट्टीत आम्ही उंडीखाली बसलो. मुल्लाजींनी पानाचा डबा काढला. मी पान खात नाही हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले.

"असं करू," मी म्हणालो. "तुमच्या अरबीत ती बरोबर असेल तर दोष मराठीचा. माझ्या मराठीत बरोबर असेल तर दोष अरबीचा."

"आणि दोन्हीत चुकली तर?"

"आधी बघू तर खरं," मी म्हणालो. आम्ही जैनबला बोलावले. ती आली, तिच्यामागून शाळा आली. पोरांना हाकलले, तर ती चार हात मागे सरकून तिथेच बसली.

जैनब आमच्यासमोर मांडी घालून बसली. मुल्लाजींनी तिच्या पाटीवर अरबी अक्षरे काढली. अरबीत एका अक्षराचे दुसरे अक्षर होते ते नुसत्या नुक्त्यांमुळे, म्हणजे टिंबांमुळे. टिंब खाली की वर, एक की दोन, एवढाच फरक. जैनबने खालचे टिंब वरचे म्हणून वाचले, वरचे खालचे म्हणून, आणि सगळी ओळ उलट्या टोकाकडून.

"बगितलात?" मुल्लाजी म्हणाले. "ही तुमची मराठी!"

मग मी 'दिवा' आणि 'नदी' लिहायला सांगितले. तिने काय लिहिले ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

"ही तुमची अरबी!" मी म्हणालो.

मागून चौथीतला एक मुलगा म्हणाला, "मास्तर, मग कोण जिकला?" त्याला मी पाटी धुवायला पाठवले.

मुल्लाजींचा चेहरा तोवर लाल झाला होता. "पोरी, तुना कितींदा सांगितला! इकडसून सुरू कर, उजवीकडसून!" असे म्हणून त्यांनी आपला उजवा हात उंच केला.

"आणि मराठी डावीकडून," मी म्हणालो आणि माझा डावा हात उंच केला.

जैनबने एकदा त्यांच्या हाताकडे पाहिले, एकदा माझ्या. मग ती रडवेली होऊन म्हणाली, "तसाच करतंय ना मी! तुमी हात दाखवता त्या बाजूसून करतंय, तरी तुमी दोघंव ओरडता!"

आम्ही दोघे हात वर करून तसेच बसलो होतो. आम्ही तिच्यासमोर होतो. मुल्लाजींचा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला होता. माझा डावा हात तिच्या उजव्या बाजूला होता.

आधी कोण हसले ते आठवत नाही. बहुधा मुल्लाजी. ते इतके हसले की पानाचा ठसका लागला आणि पोरांनी धावत जाऊन पाणी आणले. "अल्ला!" ते म्हणाले. "दोन वर्सां पोर आपला ऐकते हाय, मास्तर! सगळ्यांत जास्त हीच ऐकते!"

"आणि बाकीची?"

"बाकीची आपल्याकडे बगतच नाय. म्हणून ती शिकली."

आरशातल्यासारखे उलटे शिकवणे हा तिच्या अडचणीचा एक भागच होता, सगळी अडचण नव्हे. ते पुढे कळलेच. आयशाबीने नंतर सांगितले की मक्तब आणि शाळा दोन्ही सुरू होण्याच्या आधीपासून ही पोर परकर उलटा नेसायची आणि वहाणांची अदलाबदल करायची. म्हणजे दोष अरबीचा नव्हता आणि मराठीचाही नव्हता. तिचे डोळे चांगले होते, कान उत्तम होते, बुद्धी चलाख होती. फक्त बाजू कळत नव्हत्या. पुष्कळ पुढे एका इंग्रजी मासिकात मी वाचले की अशी मुले तिकडेही असतात. ते वाचून मला बरे वाटले. मुल्लाजींना सांगितले तर म्हणाले, "असणारच. इंग्रज काय वेगळ्या मातीचा हाय?"

पण त्या दिवशी उंडीखाली आमच्याजवळ मासिक नव्हते. मुल्लाजी उठले आणि जैनबच्या शेजारी जाऊन बसले, तिचे तोंड होते त्याच दिशेला तोंड करून. "या मास्तर, तुमी पण या." मी दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसलो. इतकी वर्षे खुर्चीवरून पाटी पाहिली होती. तिच्या बाजूने ती कशी दिसते ते प्रथमच पाहत होतो.

"आता उजवा हात वर कर," मी म्हणालो.

तिने डावा केला. माझ्या तोंडाकडे पाहिले. तो खाली घेऊन उजवा केला. मुल्लाजींच्या तोंडाकडे पाहिले. मग बिचारीने दोन्ही वर केले.

मुल्लाजी म्हणाले, "जैनब, समोर भात वाढलाय. कालव बगू."

जैनबने क्षणाचाही विचार केला नाही. उजवा हात पुढे आला आणि पाटीवर भात कालवू लागला.

"कशाशी कालवतेस?"

"बांगड्याच्या साराशी."

"मग काटे काढ."

आणि तिने काटे काढले. एकेक काटा चिमटीत धरून, पाटीच्या कडेला ओळीने ठेवत. शेळी पुन्हा उंडीपाशी आली होती, पोरे खिदळत होती, पण जैनबचे लक्ष त्या नसलेल्या बांगड्यावरून हलले नाही. तिला मन लावता येते हे मी त्या दिवशी पाहिले.

तिथून आमचा नियम ठरला. जो भात कालवतो तो जेवता हात, दुसरा उपाशी हात. अरबी जेवत्या हाताकडून निघते, मराठी जेवत्या हाताकडे जाते. पहिली वेलांटी उपाशी हाताच्या बाजूला, दुसरी जेवत्या हाताच्या. उजवे-डावे हे शब्द आम्ही तिच्यापुरते बंद केले. कुठलीही पाटी घेऊन बसायचे तर आधी भात कालवायचा, मग अक्षर.

आयशाबीला जाऊन दोघांनी सांगितले. ती दाराआडून म्हणाली, "म्हणजे दोनी चालू ठेवायचा?"

"दोनी," मुल्लाजी म्हणाले.

"आणि परत नापास झाली तर?"

"मग तू म्हणशील तसा," मी म्हणालो. फाल्गुनात इन्स्पेक्शन होते. तिची परवानगी तेवढ्याच मुदतीची होती.

जादू झाली नाही. नदीची दनी अधूनमधून होतच राहिली. आम्ही धडे लहान केले. एक ओळ वाचायची, बाकीचे पान पुठ्ठ्याने झाकायचे. नारळाच्या झावळीतली हीर, जिचा केरसुणीला उपयोग होतो, ती तिला दिली. हिरेचे टोक ज्या अक्षरावर तेवढेच अक्षर पाहायचे. ओळ झाली की उठून अंगणाला एक फेरी. मुल्लाजींनी फेरीऐवजी विहिरीवरून एक कळशी आणायला लावली. त्या हिवाळ्यात मशिदीचा हौद कधी रिकामा नव्हता, असे ते सगळ्यांना सांगत.

पोरांनी चिडवायचे ते चिडवलेच. "जैनब, आज काय जेवलीस?"

"तुझा भेजा. दुसऱ्या घासाला पुरला नाय."

मग चिडवणे बंद झाले आणि नक्कल सुरू झाली. वेलांटी आली की कुणीतरी हळूच बोटे हलवी. कुळवाड्यांचा एक मुलगा तर भात कालवून वर बोटे चाटत असे. मी रागावलो नाही, कारण त्याच्याही वेलांट्या सुधारल्या होत्या.

दर बुधवारी मुल्लाजी शाळेत येत. आम्ही उंडीखाली बसून त्या आठवड्याच्या चुका एकमेकांना सांगत असू. कोणती टिंबे तिला जमली ते ते सांगत, कोणती अक्षरे ते मी. माझा स्वभाव फारसा बोलका नाही. गावात इतकी वर्षे राहून मला मित्र असा नव्हता. बुधवारची वाट बघायची सवय मला कधी लागली ते समजले नाही.

फाल्गुनात डेप्युटीसाहेब आले. डेप्युटी म्हणजे शाळा तपासणारा अंमलदार. लोक त्यांना 'दिपोटी' म्हणत. ते दापोलीहून बैलगाडीने आणि मग तरीतून खाडी ओलांडून आले होते, उन्हाने त्रासले होते आणि घाईत होते. मुलगा वर चढणार की नाही हे त्यांच्या हातात. मुल्लाजी पडवीत येऊन बसले होते. "सहज आलंय," ते म्हणाले. अंगावर ईदची शेरवानी होती.

जैनबची पाळी आली. साहेबांनी दुसरीचे पुस्तक उघडून तिच्यापुढे धरले. तिने पानाकडे पाहिले आणि घडाघडा म्हणू लागली. ते पान तिला पाठ होते. अशीच म्हणत राहिली तर पास होणार होती.

दोन ओळींवर ती थांबली.

"का थांबलीस? छान चाललंय," साहेब म्हणाले.

"साहेब, ह्या मना पाठ हाय. ह्या वाचना नव्हं. दुसरा द्या."

साहेबांनी चष्मा काढला. "मास्तर, हे काय?"

"ती म्हणते ते खरं आहे, साहेब."

साहेबांनी आपल्या पिशवीतून वेगळेच एक पुस्तक काढले. ते आमच्या शाळेत कुणी पाहिलेलेही नव्हते. एक पान उघडून त्यांनी बोट ठेवले. जैनबने हीर घेतली, पुठ्ठा ठेवला आणि भात कालवू लागली.

"ही मुलगी काय करते आहे?"

"भात कालवते, साहेब," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"वर्गात?"

"रोज, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. तेवढ्यात जैनबने सुरुवात केली. एकेक अक्षर, एकेक शब्द. साहेबांनी घड्याळ काढले, मग परत ठेवले. एका शब्दावर ती अडली. हिरेचे टोक वेलांटीवर गेले, मग अक्षरावर, मग पुन्हा वेलांटीवर. बोटे किंचित हलली.

"दीन... माणसाला... हसू... नये," ती म्हणाली. मग मान वर करून, "साहेब, दीन म्हणजे धरम ना?"

"नाही, नाही. दीन म्हणजे गरीब."

"मुल्लाजी तर सांगतात, दीन म्हणजे धरम."

साहेबांनी पडवीत पाहिले. मुल्लाजी उठून उभे राहिले. "साहेब, दोनी खरा हाय. शाळेत गरीब, मक्तबात धरम. पोर दोनीकडे शिकते, तिचा काय चुकला?"

साहेब मोठ्याने हसले. तपासणीला आलेल्या साहेबाला हसताना मी तरी तोवर पाहिले नव्हते. मला मात्र वेगळाच आनंद झाला होता. तिथे 'दिन' असते तर तो दिवस झाला असता. दुसरी वेलांटी तिने जेवत्या हाताच्या बाजूला पाहिली होती, म्हणून तो दीन झाला, आणि म्हणून तिला प्रश्न पडला. अडखळत का होईना, ती अर्थापर्यंत पोचली होती. तो धडा तिला कुणीही आधी म्हणून दाखवलेला नव्हता.

"फार हळू वाचते," साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"शुद्धलेखनात भोपळा आहे."

"हो, साहेब."

"पाठ असलेलं वाचन नको म्हणणारी मुलगी मी प्रथमच पाहिली. चढवा तिसरीत. शुद्धलेखन पुढच्या वर्षी बघू." जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारले, "ते भाताचं कुणी काढलं? ट्रेनिंगमध्ये तर नाही."

"ह्यांनी," मी म्हणालो.

"आमी दोघांनी," मुल्लाजी म्हणाले. "भात माझा, ताट ह्यांचा."

त्या संध्याकाळी आयशाबीने शाळेत शहाळी पाठवली आणि मंडणगडला निरोप पाठवला. निरोप घेऊन जाणाऱ्या माणसाने तो मला ऐकवला: "मावशीला सांग, दुसरी पोर बग. आमची शिकते हाय."

जैनब चौथी पास झाली, एक वर्ष जास्त घेऊन. शुद्धलेखन तिला कधीच धड आले नाही. त्यानंतर काही वर्षांनी तिचे कुराण वाचून पुरे झाले तेव्हा घरी जेवण होते. मला बोलावणे आले. मी गेलो आणि पंक्तीत मुल्लाजींच्या शेजारी बसून जेवलो. त्याची माझ्या आळीत बरीच चर्चा झाली. ती मी ऐकली आणि सोडून दिली.

तिच्यानंतर माझ्या वर्गात अशी आणखी मुले आली. प्रत्येकाला भात उपयोगी पडला असे नाही. कुणाला अंक उलटे दिसत, कुणी नुसते बसूच शकत नसे. प्रत्येकाचे वेगळे काही शोधावे लागले, काहींचे सापडलेही नाही. एवढ्या नोकरीत मी शिकलो ते एकच: मुलाला कळत नाही असे म्हणण्याआधी मास्तराने आपण कुठे बसलो आहोत ते पाहावे. हे ट्रेनिंग कॉलेजात शिकवायला अर्ध्या तासाच्या वर लागू नये.

जैनबचे लग्न होऊन ती हर्णैला असते. मक्तबात नवे मुल्ला आले आहेत. बुधवारी आता शाळेत कुणी येत नाही. मुल्लाजी नाहीत. जैनबला वाचता येते.